आईवडिलांच्या आवडीची ऐतिहासिक ठिकाणं : जाऊन आलेल्यांनी लिहा

कुणाच्या वडिलांनी जन्मभर बखरी वाचल्या, कुणाच्या आईला लिपीचा नाद. त्यांना मूळ जागी नेताना काय सांभाळावं लागतं ते इथे लिहा. हॉटेलं नकोत. चढ, उजेड, बंद असण्याचे दिवस आणि हटकून काय हुकतं, ते हवं.

नाणेघाट, ब्राह्मी लिपीवाल्यांसाठी

वैशाखऱ्याकडून चढून जाणं तरण्याताठ्यांचं काम. ज्येष्ठांना जुन्नर-घाटघरमार्गे न्या. गाडी घाटमाथ्यावर पोचते, लेण्यासाठी नाळेतून थोडंच उतरावं लागतं. दगड ओबडधोबड आहेत, पावसात शेवाळतात, काठी हवीच.

सातवाहन राणी नागनिकेचा लेख लेण्याच्या आतल्या डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. समोरून टॉर्च मारला की अक्षरं सपाट होतात आणि 'काही दिसतच नाही' म्हणून लोक परततात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खाचांत सावली पडते, अक्षर उठून येतं. एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने वाचायचं. लेख झिजलाय, त्यामुळे वाचनाची छापील प्रत मोठ्या टायपात सोबत ठेवा. त्यात यज्ञांची नावं आणि दक्षिणेचे आकडे आहेत. अंकचिन्हं ओळखायला मजा येते. मागच्या भिंतीवरचे पुतळे गेले, पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. घाईत हे बघायचं राहून जातं.

रायगड

रोपवेने गुडघे वाचतात, पण महादरवाजा हुकतो, कारण तो पायऱ्यांच्या वाटेवर आहे. वडिलांना तो बघायचाच असेल तर वरून तिथवर उतरून पुन्हा चढायची तयारी हवी. सगळा गड पायी उतरण्याचा हट्ट मी तरी करू देणार नाही. गुडघ्यांना उतरणच जास्त जाचते.

आधी जगदीश्वर आणि समाधी उरका. ते लांबच्या टोकाला आहे, आणि राजसदरेत रेंगाळल्यावर तिकडे जायची ताकद उरत नाही. मंदिराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' असं गड बांधणाऱ्याचं नाव कोरलंय. लोक त्यावरून बिनदिक्कत चालत जातात. भिंतीतला संस्कृत शिलालेखही वाचा. वारा सुटला की रोपवे थांबतो, म्हणून निघण्याआधी फोन करा. ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, राज्याभिषेकाच्या गर्दीचे हे दोन्ही दिवस टाळलेले बरे.

अजिंठा

सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद, म्हणून दोन्हींचा बेत एकत्र आखताना गफलत होते. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी सोडून बस घ्यावी लागते, साधारण ४ किमी. चढ जमत नसेल तर डोली मिळते. भाव आधी ठरवा.

सगळे १ नंबरच्या लेण्यापासून सुरू करतात आणि तिथेच खोळंबा होतो. चित्रांसाठी आलात तर थेट १६-१७ गाठा, १ आणि २ परतताना. फ्लॅश चालत नाही. उन्हातून आत शिरल्यावर पाचदहा मिनिटं नुसतं उभं राहा, वयस्कर डोळ्यांना आणखी वेळ द्या. छतासाठी दुर्बीण न्या, पण ८×४२ सारखी (८ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमीची). खिशातली १०×२५ अंधारात निरुपयोगी, तिच्यात उजेडच कमी शिरतो. १० नंबरमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली खांबावर खरडलेलं नाव आज डोक्याच्या बरंच वर दिसतं. तेव्हा आत राडारोडा साचलेला होता, तो त्यावर उभा होता.

कार्ले, थोडक्यात

रविवार आणि नवरात्र नको, एकवीरेच्या दर्शनाची गर्दी पायऱ्यांवरच अडवते. चैत्याचं (कोरलेल्या प्रार्थनागृहाचं) तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतर जा. उजेड आत पोचतो. छताच्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, वडील सुतारकामातले असतील तर मान वर करून तासभर तिथेच. व्हरांड्यातला भूतपाल शेठचा लेखही सोडू नका. या शैलगृहाला त्याने जंबुद्वीपात उत्तम म्हटलंय.