मदत हवी आहे : एलएचसीतला प्रोटॉनांचा झोत शेवटी थांबवतात कसा?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मुलं सर्नच्या (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) एलएचसीचा, म्हणजे प्रोटॉनांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राचा, तक्ता करताहेत. झोताला वेग कसा देतात ते सगळीकडे वाचायला मिळतं. पण एका मुलीनं विचारलं, "सर, मंग ते जास कोठे?" तिला पक्कं उत्तर द्यायचं आहे.

मला समजलंय ते असं. २७ किमीच्या कड्यात दोन झोत फिरतात. मूळ आराखड्यानुसार एकेकात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे साधारण १०० युनिट वीज. आकडा छोटा वाटतो, पण ती सगळी एका फेरीत, ८९ मायक्रोसेकंदांत बाहेर काढायची असते! त्यासाठी झोतात मुद्दाम ३ मायक्रोसेकंदांची फट, म्हणजे प्रोटॉन नसलेली रिकामी जागा, ठेवतात. तेवढ्यात १५ किकर चुंबकं (झोताला झटक्यात बाहेर ढकलणारी) पूर्ण जोरात यायला हवीत. मग झोत बाजूच्या बोगद्यात वळतो. वाटेत आणखी काही चुंबकं त्याला हलवत नेतात, त्यामुळे तो एकाच जागी न आदळता ग्राफाइटच्या ठोकळ्यावर वेटोळं काढत पडतो. ठोकळा सुमारे ८ मीटर लांब, ७० सेंमी व्यासाचा, आणि बाहेरून लोखंड-काँक्रीटचं जाडजूड कवच.

अडलंय ते हे : ग्राफाइटच का? लोखंड किंवा तांब्यात झोत लवकर थांबेल ना? आणि फट समोर नसताना किकर आपोआप सुटला तर?

इंदूरच्या आरआरकॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्रावर काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. आम्हाला इंदूर मुंबईपेक्षा जवळ, आणि एलएचसीसाठी चुंबकं तिथूनही गेली होती, हे मुलांना आवर्जून सांगतो.

प्रतिसाद : सर, लवकर थांबणं हेच तर टाळायचं असतं. जड अणूंच्या धातूत सगळी ऊर्जा थोड्याच जागेत उतरते आणि धातू वितळतो. कार्बनचा अणू हलका, त्यामुळे कणांचा वर्षाव लांबवर पसरतो. शिवाय ग्राफाइट एकदम तापण्याचा धक्का सोसतं. ठोकळ्याच्या मधल्या भागात तर मुद्दाम कमी घनतेचं ग्राफाइट घातलंय. एक किकर चुकून सुटलाच, तर बाकीचे चौदाही लगेच सोडतात. त्या वेळात भलतीकडे गेलेले प्रोटॉन अडवायला पुढे कार्बनचे शोषक आहेत.

धागाकर्ता : खूप आभार! म्हणजे तक्त्यावर ठोकळा लांबट काढायला हवा. तो किरणोत्सारी होतो का?

प्रतिसाद : होतो. कवच त्यासाठीच. यंत्र चालू असताना तिथे कुणालाच जाता येत नाही, आणि बंद केल्यावरही किरणोत्सार मोजूनच आत सोडतात.