मदत हवी आहे: खिओस बेटावरच्या मेस्ता गावात राहण्याबद्दल

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईला घेऊन ग्रीसच्या खिओस बेटावर जायचं ठरवतोय. आई वैद्य आहे. रुमी मस्तकी (औषधात वापरतात तो झाडाचा डिंक) तिने आयुष्यभर वापरली, ती ज्या झाडाची, ते झाड तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय. बेटाच्या दक्षिणेकडच्या गावांत उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून पांढरी माती पसरतात, सालीला बारीक चिरा देतात आणि थेंब थेंब गळून सुकलेला डिंक गोळा करतात. या लागवडीच्या परंपरेला युनेस्कोने 2014 मध्ये मान्यता दिली.

राहायला मेस्ता मनात भरलंय. इटलीतल्या जेनोआवाल्यांची बेटावर सत्ता होती त्या काळातलं गाव, घरं एकमेकांना चिकटलेली, कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हाच तट, गल्ल्यांवर कमानी. पिर्गी या दुसऱ्या गावी भिंतींवरची राखाडी-पांढरी नक्षी बघायला जाऊच, पण मुक्काम शांत जागीच हवा.

कोणी तिकडे राहिलं आहे का? आईचे गुडघे दुखतात. मेस्तातल्या दगडी गल्ल्या आणि जुन्या घरांतले जिने तिला झेपतील का? खिओस शहरातून बसच्या भरवशावर राहता येईल की गाडी घ्यावीच लागेल? आणि सर्वांत महत्त्वाचं, एखादा शेतकरी सकाळी आपल्या झाडांपाशी नेईल का, की त्यासाठी आधी कुणाशी बोलून ठेवावं लागतं? आम्ही शाकाहारी आहोत, पण त्याची फारशी काळजी नाही.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीने वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर तेही जरूर सांगा.