शिलेदार म्हणजे नुसता ‘सैनिक’ नव्हे : ऐतिहासिक कादंबरीतील शब्द आणि त्यांच्या जोड्या

सातपूरच्या शिक्षिका
आठवीच्या मुलांना सुट्टीतील वाचनासाठी पेशवाईवरची एक कादंबरी दिली आहे. शब्द अडले की मुले पुस्तक मिटतात, म्हणून समानार्थी शब्दांच्या ‘जोड्या लावा’ असा सराव तयार केला आहे. त्यातील काही जोड्या अशा : शिलेदार–सैनिक, बारगीर–घोडेस्वार, सरंजाम–जमीन, चौथ–खंडणी, दमदमा–तोफ, कारखाना–कोठार, दिंडी–छोटा दरवाजा. इतर शिक्षकांनाही हा सराव वापरता येईल.

रामशेजकर
बाई, आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु ही यादी वाचून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येत असे, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळत असे. रणात घोडा पडला तर बारगिराच्या बाबतीत नुकसान सरकारचे होई, शिलेदाराचे मात्र घरदार उघड्यावर येई. कादंबरीतला एखादा शिलेदार ऐन लढाईत पाऊल मागे घेतो, सरदाराशी घोड्याच्या भरपाईवरून भांडतो किंवा पावसाळ्यापूर्वी गावी परतण्याची घाई करतो, ते का, हे ‘सैनिक’ या शब्दातून कोणत्या मुलाला कळणार? त्याला तो भित्रा वाटेल. लेखकाने ज्या एका शब्दावर संपूर्ण प्रसंग तोलून धरला आहे, तोच आपण सपाट केला आहे.

चौथ म्हणजे खंडणी नव्हे. खंडणी ठरवून, धाक दाखवून एकदा घेतली जाते. चौथ हा मुलखाच्या वसुलाच्या चौथ्या हिश्शावर सांगितलेला हक्क होता आणि सरदेशमुखीचा दहावा हिस्सा त्याहून वेगळा होता. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सनद मिळवून वसूल केलेल्या हक्काला मुलांनी खंडणी म्हटले, तर पुढच्या शतकाचे राजकारण त्यांना निव्वळ लुटालूट वाटेल. सरंजामाचेही तेच. तो फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख असे. इनामासारखी ती सुखाने उपभोगायची जमीन नव्हे.

आणि दमदमा! नाशिकच्या शिक्षिकेने तरी हा शब्द चुकवू नये, असे मला मनापासून वाटते. १६८२ मध्ये मोगलांनी रामशेजला वेढा घातला आणि किल्ल्यावर मारा करता यावा म्हणून उंच लाकडी दमदमा उभारला. तोफा त्याच्यावर चढवायच्या होत्या. दमदमा ही तोफ नव्हे. तरीही किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. ज्या मुलांना रामशेज शहराजवळ आहे, त्यांनी हा शब्द चुकीच्या अर्थाने शिकावा, याचे मला दुःख होते.

सातपूरच्या शिक्षिका
आपल्या माहितीबद्दल आदर आहे, परंतु वर्गात उभे राहून पाहिल्याखेरीज आपल्याला माझी अडचण कळणार नाही. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांचे पालक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला जातात. ‘अठरा कारखाने’ (म्हणजे राज्याचे कोठारांसारखे अठरा विभाग) हे शब्द वाचल्यावर एका मुलाने मला अत्यंत गांभीर्याने विचारले, की महाराजांच्या काळी यंत्रे विजेवर चालत नव्हती, तर मग कशावर चालत होती? ‘स्वार दिंडीतून आत शिरला’ हे वाक्य वाचून एका मुलीने टाळ-मृदंग आणि वारकरी डोळ्यांपुढे आणले. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी तिने दरवर्षी पाहिली आहे, तिचे काय चुकले? मोठ्या दरवाजातील लहान दार असा अर्थ समोर ठेवताच तो प्रसंग तिला कळला. तिला जोडीनेच तारले.

शिलेदाराचा घोडा कोणाचा, हे मी वर्गात सांगतेच. पण त्यासाठी मूल त्या पानापर्यंत पोचावे लागते. आपल्यासारखे जाणकार पहिल्याच पायरीवर इतक्या अटी घालतात, की मुले वाचनालयाचा दरवाजाही ओलांडत नाहीत.

भगूरचा वाचक
मला दोन्ही पक्षांचे आश्चर्य वाटते. परके शब्द मुलांना कळत नाहीत, एवढाच याचा अर्थ आहे, आणि त्यावरचा उपाय साडेतीनशे वर्षांपूर्वीच शोधला गेला होता. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांसमोर संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पदांची नावेच पाहा : मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. म्हणजे जोड्या लावण्याची रीत खुद्द स्वराज्यातील आहे. आमच्या भगूरच्या मातीत जन्मलेल्या सावरकरांनी हेच कार्य पुढे चालवले. दिनांक आणि महापौर हे शब्द आज कोणाला अडतात? मोगलांनी नाशिकला दिलेले गुलशनाबाद हे नावही आपण टिकवले नाही. तेव्हा समानार्थी शब्द द्यायचेच, तर ते स्वभाषेतील द्यावेत आणि मूळ शब्द हळूहळू सोडून द्यावेत.

जुने नाशिक
भगूरकर, राज्यव्यवहारकोशाचा आधार आपण अर्धाच घेतला आहे. अमात्य आणि सचिव रूढ झाले हे खरे. परंतु त्याच वेळी पेशव्याला मुख्य प्रधान हे नाव मिळाले होते, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मराठी माणूस काय म्हणत राहिला? पेशवेच. चिटणीस आणि फडणीस तर आडनावे होऊन घराघरांत बसले. सराफ बाजाराजवळच्या वाड्याला आपण आजही सरकारवाडाच म्हणतो, आणि त्यातला सरकार फारसीतून आला म्हणून तो वाडा कोणाला परका वाटलेला नाही. कागद, बाजार, दरवाजा, शिवाय, हे शब्द काढून आपण स्वतःचा प्रतिसाद तरी लिहू शकाल का?

कवी माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. म्हणजे या शब्दांची परंपरा ज्याने कसून अभ्यासली, त्यालाच त्यांची छाननी करण्याचा अधिकार होता. कादंबरी न वाचता तिचे शब्द हद्दपार करायला निघालेल्यांना तो नाही.

भगूरचा वाचक
मी कादंबरी वाचली नाही, हे आपण कशावरून ठरवले? मतभेद झाला की समोरच्याला अडाणी ठरवायचे, ही सवय वाईट आहे. ‘दरवाजा’ काढा असे मी कोठेही म्हटलेले नाही. जो शब्द घरात रोज वावरतो तो आपला झाला, हे मलाही मान्य आहे. परंतु जो शब्द शब्दकोशाखेरीज कळत नाही, त्याला कवटाळून बसण्यात कोणता स्वाभिमान आहे? हुजुरात, हशम, पेशकश हे शब्द आपण शेवटचे केव्हा उच्चारले?

जुने नाशिक
उच्चारले नाहीत, म्हणूनच ते कादंबरीत जिवंत राहिले पाहिजेत. हशमाला पायदळ म्हणून मोकळे होता येईल, हे मी नाइलाजाने मान्य करतो. हुजुरातीला मात्र आपण काय म्हणणार? धन्याच्या थेट हाताखालची खास फौज आणि सरदारांनी आणलेली फौज यांतील ताण ज्या काळाच्या राजकारणाचा कणा होता, तेथे दोन्हींना ‘सेना’ म्हणून कसे चालेल? आपला राग माझ्यावर असेल तर असू द्या, परंतु तो या शब्दांवर काढू नका.

सिन्नरचे आजोबा
आपल्या या फारसी-संस्कृताच्या वादात मूळ प्रश्न बाजूला पडला, म्हणून लिहितो. आमच्या घराण्याकडे कुलकर्णी वतन होते. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. वडिलांनी मोडीतील जुने कागद तरीही जपून ठेवले, कारण त्यांत भाऊबंदांच्या हिश्शांचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले होते. मध्यंतरी नातीच्या अभ्यासाच्या एका पुस्तिकेत ‘वतन–मायदेश’ अशी जोडी मी पाहिली. हिंदी गाण्यांतला अर्थ आमच्या शब्दाला आणून चिकटवला होता. कादंबरीतला देशमुख ‘वतनासाठी भावाचा गळा कापतो’, तेथे माझ्या नातीला तो देशभक्त वाटला. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा गावकीचा हक्क, काम आणि त्याचे उत्पन्न, हे मी तिला ते कागद समोर पसरून समजावले. चुकीची जोडी ही शब्द न कळण्यापेक्षा अधिक घातक असते, कारण न कळलेला शब्द मूल कधीतरी विचारते. कळला असे वाटलेला शब्द ते कोणालाच विचारत नाही.

सातपूरच्या शिक्षिका
आजोबा, आपले शेवटचे वाक्य मला लागले आणि पटलेही. तरीही जोड्या सोडून देण्यास मी तयार नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा स्वार, असा अर्थ थोडक्यात दिलेला आहे. कोशकाराला जे जमते ते शिक्षकाला का जमू नये? समोरचा शब्द एकच असला पाहिजे, हा हट्ट मात्र मी सोडते. शिलेदारासमोर ‘स्वतःच्या घोड्याचा स्वार’ आणि बारगिरासमोर ‘सरकारी घोड्याचा स्वार’ असे लिहिले, तर रामशेजकरांचे समाधान होईल का?

रामशेजकर
या दोघांपुरते होईल. कारखाना आणि दिंडी यांसारख्या शब्दांना, म्हणजे जे आज वेगळ्याच अर्थाने वापरात आहेत त्यांना, जोडी उपयोगी पडते, हेही आपल्या वर्गातील मुलांनी मला कबूल करायला लावले. दमदम्यासमोर ‘तोफा चढवण्याचा उंच बुरूज’ असे लिहावे आणि जमल्यास मुलांना एकदा रामशेजवर न्यावे. चौथ, सरदेशमुखी, सरंजाम आणि वतन हे चार शब्द मात्र यादीतून काढावेत. त्यांना जोडी नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र तास लागेल.

भगूरचा वाचक
आणि मुजुमदारासमोर अमात्य लिहायला विसरू नये. ती जोडी महाराजांच्या कोशातील आहे. तिच्यावर तरी कोणाचा आक्षेप नसावा.

सातपूरच्या शिक्षिका
ती ठेवते. चौथ आणि सरदेशमुखी मी गणिताच्या सरांकडे सोपवणार आहे : एका परगण्याचा वसूल फळ्यावर मांडून मुलांकडून पंचवीस आणि दहा टक्के काढून घ्यावेत, म्हणजे वसुलातले मोगलांपाशी काय उरले आणि मराठ्यांपाशी काय आले, याचा हिशेब त्यांना स्वतःच करता येईल. सरंजाम आणि वतनासाठी आजोबांनी ते मोडी कागद घेऊन आमच्या वर्गात यावे, अशी विनंती आहे.