एनसीसी सोडून एसएसबीचा क्लास? मुलगा म्हणतो सोडतो, मी म्हणतो नको

कळव्याचा_बाप
मुलगा ठाण्यात एस.वाय.ला. आर्मीत जायचंय, पहाटे उठून येऊरच्या चढावर धावतो (हेच पोरगं दहावीत नऊला उठायचं). परवा जेवताना म्हणाला, "बाबा, एनसीसी सोडतो. नुसतं दाहिने मुड, बाएं मुड. वाशीला एसएसबीचा क्लास लावतो." (एसएसबी म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायची पाच दिवसांची चाचणी.)
माझं मत, सोडू नये. एनसीसीच्या परीक्षेचं 'सी' सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने निघालं आणि पदवीला ५० टक्के असले, की एनसीसी स्पेशल एंट्रीला अर्ज करता येतो. सीडीएसची (अधिकारी भरतीची) लेखी परीक्षा नाही, अर्जातून निवड झाली की सरळ एसएसबी. हातचं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं?

खारघर_पायवाट
काका, पोराचं बरोबर आहे. मी तीन वर्षं काढली आहेत. पाहुणे आले की गेटवर उभे राहा, कार्यक्रम संपला की खुर्च्या उचला. एनसीसी हुकूम ऐकायला शिकवते, अधिकाऱ्याला तो द्यायचा असतो. एसएसबीच्या मैदानावर कमांड टास्कला तुम्ही कमांडर. फळी, बल्ली, दोर, हाताखाली दोन पोरं, आणि लाल रंगाला स्पर्श करायचा नाही. तिथे कडक सॅल्यूट काय कामाचा?

निवृत्त_सुभेदार
मी एनसीसीत पीआय स्टाफ होतो, म्हणजे कॅडेट्सना शिकवणारा फौजी, म्हणून बोलतो. दहा दिवसांच्या कॅम्पात एका रात्री एक कॅडेट तापाने फणफणला. बाहेर धो धो पाऊस, तंबूत पाणी. आमच्या सिनिअर अंडर ऑफिसरने (हाही कॅडेटच, पण सगळ्यात वरच्या हुद्द्याचा) आधी त्याला कोरड्या तंबूत हलवलं, दोघांना उशाशी बसवलं, मग मला उठवायला आला. वय एकोणीस. हे कुठल्या क्लासात शिकवतात?

खारघर_पायवाट
सुभेदारसाहेब, आदर आहे. पण सिनिअर अंडर ऑफिसर एकच असतो. बाकीच्यांनी काय केलं, ताटं घासली?

निवृत्त_सुभेदार
हो, घासली. अधिकारी व्हायचं असेल तर जवानाची रांग किती लांब असते ते एकदा तिच्या शेपटाला उभं राहून बघावं.

ऐरोली_चेस्टनंबर७
एसएसबीला दोनदा गेले, दोन्ही वेळा कॉन्फरन्सनंतर, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या बैठकीनंतर, घरी. म्हणून जरा अधिकाराने बोलते.
एसएसबीत चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, क्लासात त्या गोष्टी तयारच मिळतात. आमच्या बॅचमध्ये प्रत्येकीचा नायक गावात विहीर खणायचा! पण शब्द बघून वाक्य लिहायच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. त्यात कुठलं पाठांतर टिकणार? जे आत आहे तेच कागदावर उतरतं. शिवाय पाच दिवस तिघांची नजर, मानसशास्त्रज्ञ, जीटीओ (मैदानावरचे गटाचे टास्क घेणारे अधिकारी) आणि मुलाखत घेणारे अधिकारी. एकाला फसवाल, तिघांना कसं?
तरी क्लासला नावं ठेवणार नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. ग्रुप डिस्कशनमध्ये इंग्रजीत मध्येच तोंड घालायला मला एनसीसीने नाही, क्लासनेच शिकवलं. काका, त्याचं इंग्रजी कच्चं असेल तर सुट्टीत महिनाभर लावा. परेड सोडायची काय गरज?

खारघर_पायवाट
ताई, हे पटलं. पण परेड कंटाळवाणी आहे हे मी मागे घेणार नाही.

ऐरोली_चेस्टनंबर७
कंटाळवाणी आहेच की!

कळव्याचा_बाप
धागा पोराला वाचायला दिला. इंग्रजीचं वाचून गप्प झाला, म्हणजे लागलंय. 'सी'च्या परीक्षेपर्यंत थांबतो म्हणतोय, क्लासचं मे महिन्यात बघू. त्याचा सुभेदारसाहेबांना एक प्रश्न आहे, त्या तापाच्या मुलाचं पुढे काय झालं?

निवृत्त_सुभेदार
तिसऱ्या दिवशी उठला आणि फायरिंगला मलाही न्या म्हणून हट्ट धरून बसला. नेलं नाही. रायफलच्या वजनानेच पडला असता.