बँकॉकला खरेदी नेमकी कुठे करायची? संक्रांतीचं वाणही तिथूनच आणायचा विचार आहे

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही थायलंडला चाललोय, मी, नवरा आणि सासूबाई. तिघांचीही पहिलीच परदेशवारी. गुरुवार-शुक्रवार पट्टाया, शनिवारी दुपारपर्यंत बँकॉकला पोचू, मंगळवारी सकाळी परत. हॉटेल प्रतुनाम भागात आहे.

खरेदीला सगळं मिळून २५ हजार रुपये बाजूला काढलेत. त्यात माझे आणि दोन नणंदांचे टॉप, भाच्यांना काहीतरी, ऑफिसात वाटायला खाऊ, आणि मुख्य म्हणजे हळदीकुंकवाचं वाण, ४५ बायका तरी असतात दरवर्षी. सासूबाईंना वाटतंय की यंदा वाण तिकडचं असावं, त्यांची फार हौस आहे आणि मला ती पुरी करायचीये. पण यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, कोणी म्हणतं सगळं निम्म्या किमतीत मिळतं, कोणी म्हणतं आपल्याकडे तोच माल त्याहून स्वस्त आहे. तिकिटावर माणशी २० किलो सामान आहे. ज्यांनी स्वतः जाऊन घेतलंय त्यांनी सांगा ना, काय तिथून घ्यावं, काय अजिबात घेऊ नये, आणि भाव किती करायचा?

पर्वतीपायथा:
ताई, वाण तिथून आणायची कल्पना छानच आहे, मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. त्यासाठी चतुचक (शनिवार-रविवारचा मोठा बाजार) किंवा मॉलमध्ये फिरू नका, सरळ सांपेंगला जा. चायनाटाउनमधली अरुंद गल्ली आहे, आपल्या बोहरी आळीसारखी, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून हातगाड्या सारख्या ये-जा करतात, त्यामुळे पायाकडे लक्ष ठेवा. रिबिनी, मणी, क्लिपा, पर्स, स्टेशनरी, सगळं तिथे डझनाच्या हिशोबात. मी छोटे चेनवाले बटवे घेतले, वर हत्तीचं भरतकाम, बाराचा गठ्ठा १५० बाटला. म्हणजे नगाला साडेबारा बाट, बाटचे अडीच रुपये धरले तर एकतीस रुपये. चार गठ्ठे घेतले, ४८ नग, दीड हजारात वाण झालं आणि वजन जेमतेम दीड किलो. तेच बटवे पट्टायाच्या बीचवर एकेक ४० बाटला विकत होते. आणि हो, गठ्ठा उघडून बारा नग मोजा आणि प्रत्येकाची चेन एकदा ओढून बघा, माझ्या एका गठ्ठ्यात दोन चेना अडकत होत्या, दाखवल्यावर दुकानवाल्या बाईंनी लगेच बदलून दिल्या.

कपड्यांचं म्हणाल तर तुमचं हॉटेल प्रतुनामला आहे म्हणजे प्लॅटिनम मॉल जवळच. नाव मॉल असलं तरी आत सगळे छोटे छोटे गाळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी एकाचा भाव वेगळा, तीन घेतले की होलसेलचा वेगळा. मला एका टॉपचे कॅल्क्युलेटरवर २५० दाखवले, मी तीन बोटं दाखवली तर तिने तोच कॅल्क्युलेटर स्वतःकडे फिरवला आणि १९० करून परत माझ्यापुढे धरला. तिन्ही एकाच डिझाइनचे पाहिजेत असंही नाही, बऱ्याच गाळ्यांत त्या गाळ्यातले कुठलेही तीन चालतात. तुम्ही आणि दोन नणंदा, म्हणजे तीनचा हिशोब आपोआप जमतोय!

पण घालून बघू देत नाहीत बहुतेक ठिकाणी, हे लक्षात ठेवा. जाताना शिंप्याची टेप पर्समध्ये टाका. घरी प्रत्येकीचा नीट बसणारा एकेक कुर्ता पलंगावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत माप घ्या, दुप्पट करा, इंचात लिहून ठेवा. तिकडे लेबलवर छातीचं माप इंचातच असतं आणि माल अंगाने लहान असतो, आपली मिडियम तिकडे लार्ज नाहीतर एक्स्ट्रा लार्ज. नणंदांचे कुर्ते मागून घ्या आधीच, अंदाजाने घेतलेला टॉप मग कपाटात पडून राहतो.

आता स्वस्त की महाग. १९० बाट म्हणजे पावणेपाचशे रुपये झाले की. साधा कॉटन टॉप या भावात तुळशीबागेतही मिळतो, त्यासाठी विमानातून ओझं कशाला आणायचं. तिकडची शिलाई आणि कट वेगळा असतो, ऑफिसला घालायचे फॉर्मल टॉप, प्लीटवाले स्कर्ट, ते घ्या, त्यात खरा फायदा आहे.

सायनवाला:
कपड्यांतलं मला काही कळत नाही पण पैशाचं सांगतो, कारण खरेदीत वाचवलेले दोन पैसे लोक पैसे बदलताना घालवतात आणि त्यांना पत्ताच नसतो.

इथून डॉलर न्या, शंभराच्या नोटा, कोऱ्या, घडी नसलेल्या. लहान नोटांना तिकडे भाव कमी देतात. सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर आल्याआल्या जे काउंटर दिसतात तिथे बदलू नका, तळमजल्याच्याही खाली जिथून एअरपोर्ट रेल लिंक सुटते तिथे सुपररिच वगैरेंचे काउंटर आहेत, भावात चांगलाच फरक असतो. पासपोर्ट लागतो. एटीएममधून काढायचे टाळाच, आपल्या परदेशी कार्डावर तिकडची बँक दर वेळी २२० बाटच्या आसपास घेते, म्हणजे साडेपाचशे रुपये पाण्यात, शिवाय आपली बँक घेईल ते वेगळंच.

कार्ड वापरलं तर मशीन विचारतं बाटमध्ये की रुपयांत. नेहमी बाट. रुपये म्हटलं की त्यांचा स्वतःचा दर लावतात आणि तो हमखास वाईट असतो. दुकानदार मदत म्हणून स्वतःच रुपयांचं बटण दाबून टाकतो कधीकधी, म्हणून पावतीवर सही करण्याआधी चलन बघा.

व्हॅट रिफंडबद्दल, म्हणजे खरेदीवरचा कर पर्यटकांना परत मिळतो त्याबद्दल पण सगळे विचारतात. तिकडे व्हॅट ७ टक्के. एका दुकानात एका दिवशी कमीत कमी २००० बाटची खरेदी पाहिजे, दुकानावर टुरिस्ट रिफंडची पाटी पाहिजे, पासपोर्ट दाखवून तिथेच फॉर्म भरून घ्यायचा, नंतर मिळत नाही. पण हिशोब करा, २००० मध्ये व्हॅट असतो १३० बाट, आणि रोख परत घेताना १०० बाट फी कापतात. प्लॅटिनममधले गाळे आणि बाजारातले ठेले हा फॉर्म देत नाहीत. तुमच्या २५ हजारांच्या बजेटला त्यासाठी मंगळवारी सकाळी सासूबाईंना घेऊन विमानतळावर रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. मोठ्या मॉलमधून आठ-दहा हजार बाटची बॅग नाहीतर सूटकेस घेणार असाल तरच करा.

मोबाइल, कॅमेरे बघूपण नका. भाव जवळपास तोच आणि वॉरंटीचं इकडे आल्यावर कोणाला विचारणार?

खानदेशी_माणूस:
एक कळकळीची विनंती. हिरे, माणकं, नीलम, काही काही घेऊ नका. २०१८ मध्ये मी आणि बायको ग्रँड पॅलेस बघायला गेलो, गेटाच्या अलीकडेच एक चांगल्या कपड्यातला माणूस भेटला, गोड बोलला, म्हणाला आज पूजा आहे, पॅलेस दुपारनंतर उघडेल, तोवर ४० बाटमध्ये टुकटुक (तिकडची रिक्षा) तुम्हाला तीन देवळं फिरवून आणेल. दुसऱ्या देवळानंतर टुकटुक एका रत्नांच्या दुकानापुढे थांबली. सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस म्हणाले. ६००० बाटची नीलमची अंगठी घेतली आम्ही. जळगावला सराफाकडे दाखवली, त्याने भिंग लावलं आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. बायकोच्या वाढदिवसाची अंगठी होती ती. पैसे गेल्यापेक्षा तिचा त्या वेळचा चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाही.

पॅलेस सहसा रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. बंद आहे असं रस्त्यावरचं कोणीही सांगितलं तरी स्वतः चालत गेटापर्यंत जा.

सुखुमवितकर:
अकरा वर्षं झाली मी इथे राहतोय. खानदेशी दादा, वाईट वाटलं वाचून, पण तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, हा प्रकार आजही तसाच चालू आहे.

ताई, आधी भावाबद्दल. भाव करायचा, पण मुंबई-पुण्यासारखं निम्म्यावरून सुरुवात करायची नाही, ते इथे अपमानासारखं वाटतं आणि समोरची व्यक्ती हसून नुसती मान फिरवते, मग तिथे काही होत नाही. होलसेलच्या गाळ्यात दहावीस बाट सुटतात, टुरिस्ट बाजारात पंचवीस-तीस टक्के. "लोत दाय माय?" म्हणा, म्हणजे कमी होईल का. तुम्ही बाई आहात तर शेवटी "खा" लावा, नवऱ्याला "खाप" म्हणू दे. एवढ्या दोन शब्दांनी चेहरे बदलतात. आवाज चढवून काहीही मिळत नाही इथे. आणि सकाळी लवकर जा. आपल्यासारखीच इथेही बोहनी मानतात, पहिल्या गिऱ्हाइकाची नोट घेऊन सगळ्या मालावरून टपटप फिरवतात, ते बघायलाही छान वाटतं. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून भावही जरा ढिला सोडतात.

सांपेंगसाठी सोमवार ठेवा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. मेट्रोचं वात मांगकोन स्टेशन जवळ आहे पण सासूबाई बरोबर आहेत तर हॉटेलवरून ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) करा, सकाळी नऊपर्यंत पोचा, संध्याकाळी पाचच्या सुमारास आवराआवर सुरू होते. गल्ली संपताना पाहुरत लागतं, इथलं लिटल इंडिया, तिथे शाकाहारी थाळी मिळते, सासूबाईंना तिथे निवांत बसवून तुम्ही उरलेलं उरकू शकता. बाकी ठिकाणी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत "เจ" असं दिसलं (उच्चार जे) की समजा शाकाहारी, कांदालसूणही नसतो त्यात.

रविवारी चतुचक करा. पंधरा हजाराच्या आसपास ठेले आहेत, सगळं बघायचं मनातही आणू नका. मेट्रोने खाम्फेंग फेत स्टेशनला उतरलात की बाहेर पडताच बाजारात. नऊलाच जा, अकरानंतर पत्र्याखाली फार उकडतं, डिसेंबरमध्येसुद्धा. आवडलं की ठेल्याच्या पाटीचा फोटो काढा, सेक्शन आणि सोईचा (गल्लीचा) नंबर त्यावर असतो, नाहीतर तो ठेला परत सापडणं अशक्य. भाच्यांसाठी हत्तीच्या छापाच्या पँट घ्या, १०० ते १५० बाट.

खाऊ मात्र बाजारातून नको. तुमच्या हॉटेलवरून चालत जाता येईल असं राचदामरी रस्त्यावर बिग सी सुपरमार्केट आहे, सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या समोर. सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, नारळाचे कुरकुरीत रोल, सगळं छापील भावात आणि तारीख बघून घेता येतं. ऑफिससाठी नाकाला लावायचे इनहेलर घ्या, "या दोम" म्हणतात, वीस-पंचवीस बाटला एक, आणि सगळ्यांना खरंच उपयोगी पडतात. मोठ्या दुकानांत आणि मॉलमध्ये प्लास्टिकच्या पिशव्या देणं २०२० पासून बंद आहे, घरून दोन कापडी पिशव्या आणा.

गोदाकाठची:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बटव्यांचं ऐकून त्या एकदम खूश, म्हणाल्या आत हळदीकुंकवाच्या पुड्या बसतील का बघ! नणंदांना कुर्ते पाठवायला सांगितलंय. आता दोनच शंका. सासूबाईंना देवघरात ठेवायला बुद्धाची छोटी मूर्ती आणायचीये, मिळेल ना? आणि येताना मुंबईला कस्टमवाले वाणाचे ४८ नग बघून विचारतील का?

सुखुमवितकर:
मूर्तीचं अवघड आहे ताई. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला इथल्या फाइन आर्ट्स डिपार्टमेंटची परवानगी लागते, विकणारा काही सांगत नाही आणि विमानतळावर काढून घेऊ शकतात. इथे मूर्ती शोभेची वस्तू मानत नाहीत, सासूबाईंना हे सांगितलंत तर त्यांना नक्की पटेल. त्याऐवजी लाकडी कोरीव कमळ घ्या, नाहीतर पितळी छोटी घंटा, चतुचकला दोन्ही मिळतात.

सायनवाला:
कस्टमची काळजी नको. २०१६ च्या नियमांत माणशी ५० हजारांपर्यंतचं सामान ड्युटी फ्री होतं, सध्याची मर्यादा निघायच्या आधी कस्टमच्या साइटवर बघून घ्या. तुमची खरेदी तिघांची मिळून २५ हजार, कुठेच अडत नाही. फक्त ही मर्यादा माणशी असते, तिघांची एकत्र करून एका महाग वस्तूला लावता येत नाही. बटव्यांची पावती जवळ ठेवा, कोणी विचारलंच तर घरगुती वाटपाचं आहे म्हणून सांगा, दीड हजाराच्या मालाला कोण धरणार.

बाम आणि सॉस चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत नको. आणि वजनाचा हूकवाला काटा घेऊन जा, सोमवारी रात्री हॉटेलवरच तिन्ही बॅगा लटकवून बघा.

पर्वतीपायथा:
पुड्या बसतात हो, मी घातल्या होत्या! एक हळदीची, एक कुंकवाची आणि वर तिळगुळाची छोटी पुडी, तरी चेन नीट लागत होती. बटवा घेताना हाताची चार बोटं आत जातात का बघा, तेवढा पुरतो.