सिमेंटचा पत्रा तोडून बघा म्हणणाऱ्यांनो, थांबा जरा

भवानीपेठकर

परवा इथंच एकाची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं फिरलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की घर २००० सालानंतरचं असेल तर अ‍ॅसबेस्टॉसची (सिमेंटच्या पत्र्यात घालतात ते खनिज तंतू, श्वासातून गेले की कॅन्सर होऊ शकतो) काळजी सोडा, जुनं असेल तर पत्र्याचा कोपरा तोडा, आत दोरे दिसले की समजा अ‍ॅसबेस्टॉस, तरी शंका राहिली तर लायटर लावा, जळलं नाही म्हणजे पक्कं. खाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत आणि दोघं जण तर रविवारी हातोडी घेऊन चढणार आहेत.

अहो तो २००० चा हिशोब इंग्लंडचा आहे. तिथं निळ्या आणि तपकिरी अ‍ॅसबेस्टॉसवर १९८५ ला बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ ला, म्हणून तिथला माणूस इमारतीचं साल बघतो. आपल्याकडं अ‍ॅसबेस्टॉसच्या खाणी बंद केल्या पण पांढरं अ‍ॅसबेस्टॉस रशिया-कझाकस्तानातून येतं आणि पत्र्यात जातं, सगळं कायद्यात बसून. म्हणजे आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेल्या दिवाळीला चढवलेला कोरा पत्रासुद्धा अ‍ॅसबेस्टॉसचा असू शकतो. साल बघून इथं काहीही कळत नाही.

आणि तोडायचं कशाला? पत्र्यात साधारण आठ-दहा टक्के अ‍ॅसबेस्टॉस, बाकी बहुतेक सिमेंट, आणि सिमेंटनं ते तंतू धरून ठेवलेले असतात. अख्खा पत्रा निमूट पडून असतो, तंतू सुटतात ते तोडताना, ग्राइंडर लावताना, कोरडं ड्रिल मारताना, शेवाळ तारेच्या ब्रशनं घासताना. प्रयोगशाळेत हवेतले जे तंतू मोजतात ते ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळं डोळ्याला दिसले ते दोरे म्हणजे काहीच नाही. शिवाय बिनअ‍ॅसबेस्टॉसच्या पत्र्यातही कागदाचा लगदा आणि प्लास्टिकचे तंतू घालतात, तेही तोडल्यावर दोऱ्यासारखेच दिसतात. लायटरचं तर बोलूच नका, सिमेंट कुठं जळतंय?

करायचं ते एवढंच. पत्र्यावर छाप शोधा, टॉर्च तिरका धरला की दिसतो. आयएस ४५९ (भारतीय मानकाचा नंबर) लिहिलेलं असेल तर तो अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचा पत्रा. छाप पुसला असेल तर अ‍ॅसबेस्टॉसच आहे असं धरून चाला. आहे असं धरलं तर एक पैसा खर्च होत नाही, नाही असं धरून चुकलात तर ते वीस-चाळीस वर्षांनी, आजार झाल्यावर कळतं. चांगला पत्रा आहे तिथं राहू द्या, फक्त शेडचा एकदा सर्व्हे करा.

लूमवाला

वाचलं. माझी शेड वडलांनी बांधलेली, ३२ लूम, वर सगळा सिमेंटचा पत्रा. आमच्यात तीन पिढ्या त्याच्याखाली राबल्या, कामगार पण तेच, कुणाला काय झालं दाखवा मला. आधीच सूत महाग, लाइटबिल बघितलं तर झोप येत नाही, टॉवेलला गिऱ्हाईक भाव देत नाही, आणि आता तुम्ही म्हणालाय सर्व्हे करा. उद्या कुणीतरी पट्टी घेऊन येणार, फोटो काढणार, वीस हजाराचं बिल लावणार आणि म्हणणार सगळा पत्रा बदला. पुण्यात कंपनीत सेफ्टीची नोकरी करून असलं लिहायला सोपं असतंय, इथं येऊन एक महिना धंदा करून दाखवा की.

भवानीपेठकर

पत्रा बदला असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. चांगला पत्रा आहे तिथं राहू द्या, हेच तर लिहिलंय. सर्व्हे म्हणजे काय हे न बघताच तुम्ही बिल पण ठरवून टाकलं. पहिला सर्व्हे वहीत होतो. कुठल्या बाजूला कुठला पत्रा, किती फुटलाय, कडा भुसभुशीत झाल्यात का, त्याच्याखाली रोज माणूस बसतो का, एक फोटो आणि तारीख. बास. दुसरा सर्व्हे वेगळा, शेड पाडायची किंवा आतून फोडाफोडी करायची असेल तेव्हाचा, त्यात भिंतीच्या आतलं, बॉयलरच्या पाइपावरचं, फॉल्स सीलिंगच्या वरचं सगळं उघडून बघायला लागतं. तो महाग आहे, पण तो रोज करायचा नसतो.

पत्रेवाला

मी पत्रे चढवतोय बावीस वर्षं. दोघांचं पण वाचलं. खरं सांगू का, कॅन्सरनं मेलेला पत्रेवाला मला माहीत नाही, पण पत्रा फुटून खाली पडलेले मी चार बघितलेत, एक जागेवर गेला, माझ्याच बरोबरचा होता. जुना सिमेंटचा पत्रा वरनं मजबूत दिसतोय, शेवाळ आलेलं असतंय, हुक बोल्टाच्या भोकापासनं तडा गेलेला असतोय तो दिसत नाही. फळी न टाकता पाय दिला की संपलं. लूमच्या शेडमध्ये तर जास्त, थरथरीनं ती भोकं वाढतात. ह्याच्यावर कोण लिहीत नाही, सगळे तंतू तंतू करालेत.

भवानीपेठकर

तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि तो माझ्याकडून राहिला, चूक माझी. त्याच वहीत ‘ह्या पत्र्यावर पाय देऊ नका’ हे पहिलं लिहायला पाहिजे.

साखरपेठकर

पत्र्याचं सोडा हो, तो डोक्यावर आहे, जे पोटात जातंय त्याचं बोला. आमच्या गल्लीत खोदलं तेव्हा करड्या रंगाचा सिमेंटचा पाइप निघाला, जुने लोक त्याला एसी पाइप म्हणतात, ए म्हणजे अ‍ॅसबेस्टॉस. एक तर नळाला पाणी पाच दिवसाआड, ते पण रात्री दोनला, बॅरल भरायला बायका जाग्या, उजनी धरण भरलं तरी आमची बॅरल रिकामी, आणि वर पाणी असल्या पाइपातून. ह्याच्यावर धागा काढा ना!

रसायनमास्तर

पाण्याच्या वेळेबद्दलचा संताप रास्त आहे, माझ्याही घरी तेच. पण पाइपाबद्दल विनाकारण घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्यातल्या अ‍ॅसबेस्टॉससाठी मर्यादा ठरवलेली नाही, कारण पोटात गेलेल्या तंतूंनी कॅन्सर होतो याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. धोका श्वासातून आहे. तो पाइप खड्ड्यात उतरून कोरडा कापणाऱ्या मजुराला आहे, तुमच्या पेल्याला नव्हे.

मी ३१ वर्षं शाळेत रसायन शिकवलं. तिवईवर ठेवायची ती तारेची जाळी आठवते ना, मधे पांढरा गोल? ती अ‍ॅसबेस्टॉसची. तो गोल उसवला की पोरं नखानं खरवडून काढायची आणि मी बघत असायचो, कारण मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आज शाळांनी फडताळं उघडून बघावीत.

लूमवाला

बरं मास्तर, तुमचं ऐकतो. पण मूळ प्रश्नाला उत्तर द्या की. सिमेंटचा नको तर काय घालू? लोखंडी पत्रा? सोलापूरच्या मे महिन्यात? पारा ४३-४४ ला जातोय, लोखंडी पत्र्याखाली लूम चालवून बघा, दुपारी बारानंतर कामगार थांबत नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, तापतो कमी, पावसात ताशा वाजत नाही. लोक काय येडे होते म्हणून तो घातला काय?

साखरपेठकर

ह्याला उत्तर माळवद. आजीचं घर माळवदाचं होतं, तुळया, वर किलचानं, वर पांढरी माती, मेमध्ये दुपारी आत शिरलं की अंगावर काटा यायचा एवढं गार. सिमेंटचा पत्रा पण नको लोखंडी पण नको.

पत्रेवाला

माळवद दर पावसाळ्याआधी कोण घालणार? माती कुठनं आणणार? उंदीर, वाळवी, गळती, आणि अतिवृष्टीत माळवद कोसळून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. लूमच्या शेडवर माळवद पेलणार पण नाही.

साखरपेठकर

निगा राखली नाही की कोसळतं, निगा राखली तर शंभर वर्षं टिकतं, आमचं टिकलं. निगा राखायचा कंटाळा म्हणून सगळ्यांनी पत्रे घातले आणि आता म्हणालेत गरम होतंय.

लूमवाला

शंभर वर्षं टिकलं तर आता कुठंय ते घर? तुम्हीच पाडून स्लॅब टाकला असणार.

साखरपेठकर

पाडलं. भावकीत वाटण्या झाल्या म्हणून पाडलं, गळत होतं म्हणून नाही. ते दुखणं काढू नका बे.

गिरणीची_लेक

गार काय, गरम काय. तुम्ही सगळे छतावर अडकलाय म्हणून लिहिते. माझे वडील इथल्या एका गिरणीत बॉयलरवर होते. बॉयलरच्या पाइपांवर पांढरा लेप असायचा, लॅगिंग म्हणायचे, आणि दाराला अ‍ॅसबेस्टॉसची जाड दोरी. दुरुस्तीला ते लॅगिंग हातोडीनं पाडायचे, मग झाडूनं लोटायचे. घरी आले की कपडे आई वाड्याच्या चौकात झटकायची, मी शेजारी अभ्यास करत बसलेली. भुवयांवर पांढरं दिसायचं, मी हातानं पुसलेलं आठवतंय मला.

गिरणी बंद पडल्यावर कितीतरी वर्षांनी दम लागायला लागला. टीबी म्हणून औषधं दिली, थुंकीत कधी टीबी निघाला नाही तरी दिली, दोनदा कोर्स झाला. शेवटी शेवटी पलंगावरून मोरीपर्यंत जाताना मधे दोनदा बसायचे. ते नक्की कशानं गेले ते मी सांगू शकत नाही, कारण एकाही डॉक्टरनं त्यांना विचारलं नाही की बाबा तुम्ही काम काय करत होता. सुप्रीम कोर्टानं २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिला होता की अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. माझे वडील अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यात नव्हते, कापडाच्या गिरणीत होते, त्यांची नोंद कुठंच नाही. लूमवाले दादा विचारतात कुणाला काय झालं दाखवा. कसं दाखवू? कागदच नाही.

लूमवाला

ताई, वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण बॉयलरचं लॅगिंग आणि माझा पत्रा एकच आहे असं म्हणू नका. आणि दम तर सुताच्या धुळीनं पण लागतोय, विडीनं पण लागतोय, आपल्या गावात विडी किती हे सांगायला नको.

भवानीपेठकर

एकच नाहीये, हे तुमचं बरोबर. लॅगिंग हातानं कुस्करलं जातं, पत्रा तसा कुस्करत नाही, म्हणून सर्व्हेत लॅगिंगचा धोका कितीतरी वर धरतात. पण विडीचं तुम्ही उलटं वापरताय. विडी ओढणाऱ्याच्या छातीत अ‍ॅसबेस्टॉस गेलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींच्या वेगवेगळ्या धोक्यापेक्षा खूप चढतो. म्हणजे ज्या गावात विडी जास्त तिथं जास्त जपायला पाहिजे, कमी नाही. आणि मेसोथेलिओमा, तो छातीच्या अस्तराचा कॅन्सर, त्याला विडीची गरजच नाही. ‘तीन पिढ्यांत काही झालं नाही’ हे वाक्य पुन्हा लिहू नका, राग येतो. काही झालं नाही आणि कुणी बघितलं नाही ह्यात फरक आहे.

लूमवाला

राग मला पण येतोय. माणूस धंदा करतो म्हणजे कामगाराच्या जिवावर उठलाय असं तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. माझ्या शेडमध्ये मी स्वतः बारा तास असतो, माझा पोरगा असतो.

रसायनमास्तर

दोघांनी जरा पाणी प्या. छताच्या भांडणात एक उपाय मधेच पडलाय तो उचलतो. लोकं उन्हाळ्यात पत्र्यावर चुना किंवा पांढरा रंग मारतात, त्यानं शेड थंड राहते. तोच रंग अ‍ॅसबेस्टॉसच्या पत्र्याला वरून सील पण करतो. फक्त मारायच्या आधी पत्रा कोरडा घासायचा नाही, ब्रश नाही, पाण्याचा जोराचा फवारा पण नाही.

पत्रेवाला

आणि फळी टाकून. आणि ज्याला सवय आहे त्यानंच चढायचं.

साखरपेठकर

माळवदाला ह्यातलं काही लागत नाही, एवढंच म्हणतो आणि गप बसतो.

लूमवाला

दोन दिवस काही लिहिलं नाही. काल सुट्टी होती, लूम बंद होते, घोडा (उंच शिडी) लावून चढलो आतल्या बाजूनं. पत्र्यावर सुताची भुरी बोटभर बसलेली. मास्तर म्हणाले कोरडं घासायचं नाही, म्हणून झाडलं नाही, ओल्या फडक्यानं टिपत टिपत पुसलं. तीन ठिकाणी काहीच नाही. चौथ्या ठिकाणी, वडलांनी नंतर वाढवलेल्या भागात, टॉर्च आडवा धरल्यावर दिसलं, आयएस ४५९. तुमचं सगळं पटलंय असं नाही, बिलाचं माझं मत तेच आहे. पण कडेचे सात पत्रे हुकाजवळ चिरलेत, एकाच्या खाली रिळं भरणारी बाई बसते, तिची जागा आज हलवली.

आता एक सांगा, बुधवारी सोलरवाला येणार आहे, त्याच पत्र्यावर तो ड्रिल मारणार आहे साठ-सत्तर भोकं. पैसे देऊन बसलोय. त्याला नको म्हणू का?

भवानीपेठकर

आधी पत्र्याचा एक नमुना तपासून घ्या. चिरलेल्याच पत्र्याचा आधीच सुटलेला कोपरा, त्यावर भांड्याच्या साबणाचं पाणी मारा, नाण्याएवढा तुकडा, दोन झिप पिशव्या एकात एक, वर जागा आणि तारीख, उघडी कड रंगानं बंद. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी प्रयोगशाळा शोधा, एका नमुन्याला काही फार लागत नाही. रिपोर्ट येईस्तोवर सोलरवाल्याला थांबवा. छापावरच विश्वास असेल तर रिपोर्टची पण गरज नाही, त्याला सांगा की भार खालच्या लोखंडी कैचीवर (छताच्या सांगाड्यावर) घे, पत्र्यावर नको, तसंही जुन्या पत्र्यावर पॅनेल बसवणं धोक्याचंच आहे, पत्रेवाले सांगतील.

पत्रेवाला

धोक्याचं काय, बसवूच नका. लूमवाले, बुधवारी सकाळी मी येतो, माझ्या फळ्या घेऊन. सोलरवाल्याशी मी बोलतो. ते सात पत्रे काढायचेच असतील तर ओले करून, हुक पक्कडनं कापून, अख्खे खाली उतरवू, वरनं टाकायचे नाहीत. प्लास्टिकचा मोठा कागद तेवढा आणून ठेवा.

गिरणीची_लेक

आणि त्या दिवशीचे कपडे घरी झटकायला देऊ नका. तिथंच ओले करून पिशवीत घाला.

लूमवाला

हो ताई.