झेलायची चुकली तर?

शीतयुद्धात अमेरिकेचे हेरगिरी उपग्रह फोटोंची फिल्म कॅप्सूलमध्ये भरून खाली सोडायचे. कुणी म्हणतं की ही कॅप्सूल विमानाने हवेतच झेलायचे, म्हणजे ती हरवायचा प्रश्नच नव्हता. झेलायचे हे खरं, पण दर वेळी नेम लागेलच असं कुठे? म्हणून तर कोरोनाच्या कॅप्सूलला (हो, उपग्रहाचं नावच ते!) मिठाचं बूच असायचं. समुद्रात पडून वेळेत उचलली गेली नाही, तर मीठ विरघळून ती बुडावी, रशियनांच्या हाती लागू नये.

हेक्सागॉन या नंतरच्या हेरगिरी उपग्रहाची तर आणखी गंमत. १९७१ साली पहिल्याच मोहिमेत एका कॅप्सूलचं पॅराशूट तुटलं आणि ती हवाईजवळ जवळपास ५ किमी खोल गेली. अमेरिकन नौदलाने १९७२ मध्ये ट्रिएस्ट-२ ही खोल समुद्रात उतरणारी पाणबुडी पाठवून ती शोधली, उचललीही. पण वर आणताना फिल्मचे तुकडे तुकडे झाले. या शोधमोहिमेची कागदपत्रं सीआयएने खुली केली थेट २०१२ मध्ये.